रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ

रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ (शास्त्रीय नाव: ओटोमॉप्स रॉटोनी) हे मोलोसिडी म्हणजेच मुक्तपुच्छ कुलातील एक दुर्मीळ कीटकभक्षी वटवाघूळ आहे. १९१२ मध्ये पश्चिम घाटातील बारापेडे गुहेत त्याचा शोध लागला आणि १९१३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. ही गुहा बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात तळेवाडी गावाजवळ, कर्नाटक व गोवा यांच्या सीमेलगतच्या भीमगड परिसरात आहे. त्यानंतर सुमारे ८७ वर्षे या जातीचे जगातील एकमेव ज्ञात ठिकाण हीच गुहा होती. २००० नंतर कंबोडियात आणि मेघालयात या जातीची नोंद झाली. तरीही तिची ज्ञात ठिकाणे आजही मोजकीच आहेत आणि पश्चिम घाटातील तिचे अस्तित्व प्रामुख्याने बारापेडे गुहेच्या सुरक्षिततेवर अवलंबून आहे. भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या जातीचा समावेश आहे.

नाव आणि वर्गीकरण

बहुतेक कीटकभक्षी वटवाघळांची शेपटी मागील दोन पायांमधील पातळ त्वचेच्या पडद्यात गुरफटलेली असते. मोलोसिडी कुलातील वटवाघळांची शेपटी मात्र या पडद्याच्या कडेबाहेर बरीच लांब व मोकळी राहते. त्यावरूनच या कुलास 'मुक्तपुच्छ' असे म्हणतात. जगात या कुलाच्या शंभराहून अधिक जाती आहेत. भारतात प्रस्तुत जातीखेरीज इजिप्शियन मुक्तपुच्छ वटवाघूळ आणि सुरकुतलेल्या ओठांचे मुक्तपुच्छ वटवाघूळ या याच कुलातील जाती आढळतात.

ब्रिटिश म्युझियममधील सस्तन प्राण्यांचे तज्ज्ञ ओल्डफील्ड थॉमस (१८५८–१९२९) यांनी १९१३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या जातीचे प्रथम वर्णन केले. तिचे मूळ नाव 'निक्टिनोमस रॉटोनी' असे होते. कान व कवटी यांची रचना वेगळी असल्याने थॉमस यांनी तिच्यासाठी 'ओटोमॉप्स' ही प्रजाती स्थापन केली. त्यामुळे या प्रजातीची प्ररूप जाती, म्हणजे जिच्या आधारे प्रजातीची व्याख्या केली जाते ती जाती, रॉटनचे वटवाघूळ हीच आहे. ओटोमॉप्स प्रजातीत पुढे आफ्रिका, मादागास्कर, इंडोनेशिया आणि न्यू गिनी येथील जातींची भर पडली. जावा बेटावरील जातीचे वर्णन १९३९ मध्ये, न्यू गिनीतील दोन जातींचे १९४८ व १९५२ मध्ये, मादागास्करमधील जातीचे १९५३ मध्ये आणि इंडोनेशियाच्या अलोर बेटावरील जातीचे १९९२ मध्ये झाले. पूर्व आफ्रिका व अरबस्तान येथील 'ओटोमॉप्स हॅरिसोनी' ही जाती २०१५ मध्ये वेगळी ओळखण्यात आली.

जातीचे नाव रॉबर्ट चार्ल्स रॉटन (१८४९–१९२१) यांच्या सन्मानार्थ आहे. रॉटन हे मुंबई इलाख्यातील वनखात्याचे अधिकारी होते. सेवेत असताना त्यांनी मुंग्यांसारख्या कीटकांचा अभ्यास केला आणि पुढे ते लहान सस्तन प्राण्यांकडे वळले. निवृत्तीनंतर लंडनमध्ये थॉमस यांच्यासमवेत काम करून त्यांनी भारतातून येणाऱ्या नमुन्यांच्या वर्गीकरणात मोठा वाटा उचलला.

शोधाचा इतिहास

१८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये भारत, ब्रह्मदेश व श्रीलंका येथील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. सोसायटीचे मानद सचिव वॉल्टर सॅम्युअल मिलार्ड यांनी या योजनेस चालना दिली. प्रशिक्षित संग्राहक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून नमुने गोळा करीत आणि ते अभ्यासासाठी मुंबई व लंडन येथे पाठवीत.

याच मोहिमेत सोसायटीचे तरुण कर्मचारी स्टॅन्ली हेन्री प्रेटर (१८९०–१९६०) यांना तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत हे मोठ्या कानांचे वटवाघूळ मिळाले. त्या वेळी हा भाग मुंबई इलाख्यात होता आणि शास्त्रीय साहित्यात प्ररूप स्थळाची नोंद 'कानडा, तळेवाडीजवळ' अशी झाली. प्रेटर यांनी या शोधासंबंधीची टिपणे नंतर सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हेच प्रेटर पुढे दीर्घकाळ सोसायटीचे अभिरक्षक होते. भारतीय सस्तन प्राण्यांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अनेक पिढ्यांच्या निसर्ग अभ्यासकांनी तो वापरला. अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधी म्हणून ते संविधान सभेचेही सदस्य होते.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीस फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंद्रे ब्रोसे यांची पश्चिम व मध्य भारतातील वटवाघळांवरील लेखमाला सोसायटीच्या नियतकालिकात आली. या भागातील गुहा, लेणी, किल्ले व जुन्या इमारती यांतील वटवाघळांच्या सवयींची पद्धतशीर माहिती तिच्यामुळे उपलब्ध झाली. रॉटनच्या वटवाघळाचे ज्ञात ठिकाण मात्र त्यानंतरही बारापेडे हेच राहिले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे जुन्या साहित्यात मुंबई इलाख्यातील म्हणून नोंदलेली ही जाती नव्या साहित्यात कर्नाटकातील म्हणून नोंदलेली आढळते. ठिकाण मात्र एकच आहे.

शारीरिक वर्णन

भारतातील कीटकभक्षी वटवाघळांत ही जाती आकाराने मोठी आहे. वटवाघळांचा आकार सामान्यतः अग्रबाहूच्या, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाच्या लांबीवरून सांगतात. या जातीत ही लांबी सुमारे ६३ ते ६७ मिलिमीटर असते. तुलनेसाठी, घरांच्या फटींत राहणाऱ्या छोट्या पिपिस्ट्रेल वटवाघळांचा अग्रबाहू साधारणतः याच्या निम्म्याहूनही कमी असतो.

ओळख पटवणारी मुख्य लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत:

कान: कान फार मोठे असून चेहऱ्यावर पुढच्या बाजूस झुकलेले असतात व मुस्कटाच्या टोकापुढे येतात. दोन्ही कान मुस्कटावरील त्वचेच्या पट्टीने एकमेकांस जोडलेले असतात. कानाच्या पुढील कडेवर बारीक दातेरी उंचवट्यांची ओळ असते.

रंग: डोके, पाठ व पार्श्वभाग गडद तपकिरी ते काळपट तपकिरी असतो. मानेवर व खांद्यांलगत फिकट राखाडी रंगाचा गळपट्ट्यासारखा भाग असतो. शरीराच्या दोन्ही कुशींवर, खांद्यापासून जांघेपर्यंत, पांढुरक्या केसांची बारीक किनार दिसते. गडद पाठ, फिकट मान आणि ही किनार एकत्र पाहिल्यास भारतातील दुसऱ्या कोणत्याही वटवाघळाशी गल्लत होत नाही.

पंख: पंख लांब व अरुंद असतात.

शेपटी: शेपटी जाडसर असून तिचा बराचसा भाग पडद्याबाहेर मोकळा असतो.

दात: दातांची एकूण संख्या ३० असते. दाढांवरील तीक्ष्ण कडा कीटकांचे कठीण कवच फोडण्यास उपयोगी पडतात.

फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांपासून ही जाती सहज वेगळी ओळखता येते. फलाहारी वटवाघळांचे डोळे मोठे, चेहरा कोल्ह्यासारखा लांबट व कान साधे असतात आणि ती प्रामुख्याने दृष्टी व वास यांच्या आधारे अन्न शोधतात. कीटकभक्षी वटवाघळांचे डोळे लहान असतात आणि अंधारात त्यांची भिस्त आवाजावर असते.

आढळ

पश्चिम घाट: बारापेडे गुहेतील वसाहत ही या जातीची सर्वांत जुनी व सर्वाधिक परिचित वसाहत आहे. १९९० च्या दशकातील पाहणीत तेथे सुमारे ४० वटवाघळे असल्याची नोंद झाली.

कंबोडिया: २००० मध्ये उत्तर कंबोडियातील प्रेआ विहार प्रांतात एक नर मिळाला. जो वॉल्स्टन व पॉल बेट्स यांनी २००१ मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. भारताबाहेरील ही पहिली नोंद होती.

मेघालय: अडोरा थाबाह व पॉल बेट्स यांनी २००२ मध्ये मेघालयातून या जातीची नोंद केली. पुढे तेथील जैंतिया टेकड्यांतील चुनखडीच्या गुहांतही तिच्या वसाहती आढळल्या.

बारापेडे व मेघालय यांच्यातील सरळ अंतर दोन हजार किलोमीटरहून अधिक आहे. पश्चिम घाट व ईशान्य भारत येथे आढळणाऱ्या, पण मधल्या द्वीपकल्पीय पठारावर न आढळणाऱ्या वनस्पती व प्राण्यांची इतरही उदाहरणे जीवभूगोलात परिचित आहेत. भरपूर पाऊस, सदाहरित ते निमसदाहरित वने आणि नैसर्गिक गुहा ही या दोन्ही प्रदेशांची सामाईक वैशिष्ट्ये आहेत.

बारापेडे गुहा आणि परिसर

बारापेडे गुहा भीमगड वन्यजीव अभयारण्यात आहे. म्हादई नदीचा उगम याच परिसरात होतो. गोव्यात ही नदी मांडवी या नावाने पणजीजवळ समुद्रास मिळते. अभयारण्यास मराठेशाहीतील भीमगड किल्ल्याचे नाव मिळाले आहे. तळेवाडी, गवाळी, कृष्णापूर, हेम्माडगा अशी लहान व विखुरलेली गावे या जंगलात आहेत आणि तेथील रहिवाशांत मराठी व कोकणी बोलणारे बहुसंख्य आहेत. पश्चिमेस गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील म्हादई वन्यजीव अभयारण्य लागून असल्याने हा सर्व प्रदेश सलग जंगलाचा पट्टा ठरतो.

गुहेचे महत्त्व केवळ या जातीपुरते नाही. सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या गुहेत हिरव्या वनस्पती वाढत नाहीत आणि त्यामुळे तेथे अन्ननिर्मिती जवळजवळ होत नाही. रात्री बाहेर जाऊन कीटक खाणारी वटवाघळे पहाटे परत येतात आणि त्यांची विष्ठा गुहेच्या तळाशी साचते. बुरशी, जिवाणू, माइट, भुंगे, झुरळे आणि त्यांना खाणारे कोळी अशी अन्नसाखळी या विष्ठेवर उभी असते. वटवाघळांनी गुहा सोडल्यास बाहेरून येणारा हा अन्नपुरवठा थांबतो आणि त्यावर जगणारे सूक्ष्म जीवनही संपुष्टात येते.

विश्रांतिस्थळ आणि उड्डाण

ही वटवाघळे दिवसा गुहेच्या छतातील पोकळ्यांत व भेगांत लहान गटांनी राहतात. इतर अनेक गुहावासी जातींप्रमाणे त्यांचे हजारोंचे थवे नसतात.

मुक्तपुच्छ वटवाघळांचे पंख लांब व अरुंद असतात. अशा पंखांमुळे वेगाने व दूरवर उडणे शक्य होते, मात्र झाडाझुडपांच्या दाटीत चपळ वळणे घेणे कठीण जाते. म्हणून ही वटवाघळे जंगलाच्या छताच्या वर, मोकळ्या आकाशात शिकार करतात. अरुंद पंखांमुळे जमिनीवरून किंवा जागच्या जागी उड्डाण घेणेही त्यांना अवघड असते. उंच ठिकाणावरून खाली झेप घेऊन वेग मिळाला की त्यांचे उड्डाण सुरू होते. विश्रांतीची जागा त्यामुळे उंच असावी लागते आणि तिच्याखाली मोकळा अवकाश असावा लागतो. गुहेचे तोंड झुडपांनी, बांधकामाने किंवा दगडमातीने अंशतः जरी बंद झाले, तरी अशा वटवाघळांसाठी ती गुहा निरुपयोगी ठरू शकते.

प्रतिध्वनीद्वारे स्थाननिश्चिती

कीटकभक्षी वटवाघळे तोंडाने किंवा नाकाने उच्च वारंवारतेचे ध्वनी काढतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भक्ष्याचे अंतर, दिशा व हालचाल ओळखतात. बहुसंख्य जातींचे हे ध्वनी २० किलोहर्ट्झपेक्षा वरचे, म्हणजे मानवी श्रवणमर्यादेपलीकडचे असतात. ओटोमॉप्स प्रजातीची वटवाघळे याला अपवाद आहेत. त्यांचे ध्वनी तुलनेने कमी वारंवारतेचे, साधारणतः १० ते २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यातील असतात. त्यामुळे चांगली श्रवणशक्ती असलेल्या व्यक्तीस ते बारीक टिकटिक किंवा चिकचिक अशा स्वरूपात ऐकू येऊ शकतात.

कमी वारंवारतेचे फायदे व तोटे असे सांगता येतात:

हवेत उच्च वारंवारतेचे ध्वनी लवकर शोषले जातात, तर कमी वारंवारतेचे ध्वनी दूरवर जातात. वेगाने उडणाऱ्या वटवाघळास पुढचा कीटक लांबूनच कळणे आवश्यक असते.

१५ किलोहर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे २.३ सेंटिमीटर असते, तर ५० किलोहर्ट्झच्या ध्वनीची सुमारे ०.७ सेंटिमीटर. तरंगलांबीपेक्षा खूप लहान वस्तूंवरून प्रतिध्वनी क्षीण येतो. म्हणून कमी वारंवारता वापरणाऱ्या वटवाघळांना मोठे कीटक चांगले कळतात आणि चिलटांसारखे बारीक कीटक त्यांच्या नजरेतून, किंबहुना कानातून, निसटतात.

अनेक पतंगांना वटवाघळांचे ध्वनी ऐकू येतात आणि ते ऐकताच पतंग दिशा बदलतात किंवा जमिनीकडे झेप घेतात. त्यांचे श्रवण साधारणतः २० ते ६० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तीव्र असते. त्याखालच्या वारंवारतेने शिकार करणारे वटवाघूळ अशा पतंगांना उशिरा कळते.

कादंबरी देशपांडे व नचिकेत केळकर यांनी २०१५ मध्ये भारतातील मुक्तपुच्छ वटवाघळांच्या ध्वनींवरून त्यांच्या जाती ओळखण्यासंबंधीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रॉटनच्या वटवाघळाच्या ध्वनींचाही समावेश आहे. उंच आकाशात उडणारी ही जाती जाळ्यात क्वचितच सापडते. ध्वनिमुद्रक यंत्राने रात्रीचे आवाज टिपून, प्राण्याला न पकडता व गुहेत न शिरता तिची उपस्थिती नोंदवण्याचा मार्ग अशा अभ्यासामुळे खुला होतो.

आहार

रॉटनचे वटवाघूळ पूर्णतः कीटकभक्षी आहे. पंखांची रचना व ध्वनींची वारंवारता या दोन्हींवरून मोकळ्या हवेत उडणारे मोठे कीटक हे तिचे भक्ष्य ठरते. याच प्रजातीतील आफ्रिकी जातीच्या विष्ठेच्या अभ्यासात पतंगांच्या अवशेषांचे प्रमाण सर्वाधिक आढळले आहे.

मुक्तपुच्छ कुलातील वटवाघळांचा शेतीशी असलेला संबंध इतर देशांत तपशीलवार अभ्यासला गेला आहे. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात मेक्सिकन मुक्तपुच्छ वटवाघळांचे मोठे थवे कापूस व मका यांवरील बोंडअळीचे पतंग खातात. थायलंडमध्ये सुरकुतलेल्या ओठांची मुक्तपुच्छ वटवाघळे भातावरील पाठीवर पांढरा पट्टा असलेल्या तुडतुड्यांचा फडशा पाडतात. टेक्सासमधील या बोंडअळीची हेलिकोव्हर्पा ही प्रजाती महाराष्ट्रासही परिचित आहे. यवतमाळसारख्या विदर्भातील कापूस व तूर पिकवणाऱ्या जिल्ह्यांत अमेरिकन बोंडअळी किंवा घाटे अळी या नावाने ओळखली जाणारी कीड याच प्रजातीतील आहे. तिचे पतंग रात्री व उंचावरून दूरवर प्रवास करतात. उंच आकाशात शिकार करणारी वटवाघळे अशा किडींची नैसर्गिक शत्रू ठरतात. रॉटनच्या वटवाघळाच्या ज्ञात वसाहती लहान व जंगलातील असल्याने त्यांचा असा परिणाम स्थानिक मर्यादेतच राहतो. मात्र त्यांचे आप्त सर्वत्र हेच काम करीत असतात.

प्रजनन

आकाराने तेवढ्याच असलेल्या उंदरांच्या तुलनेत वटवाघळांच्या प्रजननाचा वेग फार कमी असतो. उंदराची मादी वर्षात अनेकदा, एका वेळी अनेक पिलांना जन्म देते. ओटोमॉप्स प्रजातीत मादीस एका वेळी एकच पिलू होते. पिलू जन्मतः केसविरहित असते आणि उडता येईपर्यंत पूर्णपणे आईच्या दुधावर व उबेवर अवलंबून असते. या काळात वसाहतीस धक्का बसल्यास पिले छतावरून खाली पडतात किंवा मागे राहतात.

या संथ गतीचा थेट परिणाम संवर्धनावर होतो. चाळीस प्राण्यांच्या वसाहतीतील दहा माद्या जरी दगावल्या, तरी ती तूट भरून येण्यास अनेक वर्षे लागतात.

संवर्धन स्थिती

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) या जातीस पूर्वी 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात ठेवले होते. एकच ज्ञात ठिकाण आणि काही डझन प्राणी हा त्या वर्गीकरणाचा आधार होता. कंबोडिया व मेघालय येथील नोंदींनंतर केवळ एका गुहेवर आधारलेला अंदाज टिकला नाही. २००८ च्या मूल्यमापनात ही जाती 'अपुरी माहिती' या वर्गात गेली.

या बदलाचा अर्थ जाती सुरक्षित झाली असा होत नाही. 'अपुरी माहिती' हा धोक्याच्या उतरंडीतील खालचा टप्पा नसून उतरंडीबाहेरचा वर्ग आहे. धोक्याची पातळी ठरवण्याइतकी संख्या व प्रसार यांची माहिती हाती नाही, एवढेच तो सांगतो. बारापेडे येथील वसाहतीची परिस्थिती नव्या नोंदींमुळे बदललेली नाही. मेघालयातील वटवाघळे पश्चिम घाटातील वटवाघळांची जागा घेऊ शकत नाहीत.

कायदेशीर संरक्षण

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांना वाघाप्रमाणे सर्वोच्च संरक्षण मिळते. २०२२ च्या दुरुस्तीपूर्वी भारतातील वटवाघळांपैकी केवळ दोनच जाती या अनुसूचीत होत्या: रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ आणि दक्षिण पश्चिम घाटातील सलीम अली यांच्या नावाचे फलाहारी वटवाघूळ. त्याच काळात फलाहारी वटवाघळांचा समावेश पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता आणि बहुतेक कीटकभक्षी जातींचा कोणत्याच अनुसूचीत उल्लेख नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची स्वतंत्र अनुसूची रद्द झाली.

अधिवासाच्या संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा डिसेंबर २०११ मध्ये आला. त्या वेळी कर्नाटक शासनाने सुमारे १९० चौरस किलोमीटर क्षेत्राचे भीमगड वन्यजीव अभयारण्य घोषित केले. अभयारण्याच्या मागणीसाठी मांडण्यात आलेल्या कारणांत बारापेडे गुहा व तेथील वटवाघळे यांचा प्रामुख्याने उल्लेख होत असे. वाघ, बिबट्या किंवा हत्ती यांच्या नावाने संरक्षित क्षेत्रे मागितली जाणे नेहमीचे आहे. वटवाघळाच्या नावाने अशी मागणी होण्याचे हे भारतातील विरळ उदाहरण आहे.

धोके

गुहेतील व्यत्यय: गिर्यारोहक, पर्यटक व हौशी छायाचित्रकार यांचा गुहेत वावर, विजेऱ्यांचा प्रखर प्रकाश, फ्लॅश, मोठा आवाज, शेकोटी व धूर यांमुळे वटवाघळे विश्रांतिस्थळ सोडतात. विशेषतः पिले असण्याच्या काळात एकदाच झालेला मोठा व्यत्ययही वसाहतीस घातक ठरू शकतो.

शिकार: वटवाघळाचे मांस किंवा चरबी औषधी असते या समजुतीने भारतात अनेक ठिकाणी वटवाघळांची शिकार होते. अरुंद तोंडाच्या गुहेत सर्व प्राणी एकाच ठिकाणी असल्याने अल्प वेळात मोठी हानी होऊ शकते.

खाणकाम: मेघालयातील जैंतिया टेकड्यांत सिमेंट उद्योगासाठी चुनखडीचे आणि इंधनासाठी कोळशाचे उत्खनन मोठ्या प्रमाणावर झाले आहे. चुनखडीची खाण ही गुहेलगतचा केवळ शेजार नसते. गुहा ज्या खडकात आहे तोच खडक तीत काढला जातो.

जंगल व जलव्यवस्थेतील बदल: म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र यांच्यात दीर्घकाळ वाद आहे. २०१० मध्ये स्थापन झालेल्या म्हादई जलविवाद लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. त्यात कर्नाटकास १३.४२ अब्ज घनफूट, गोव्यास २४ अब्ज घनफूट व महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी वाटून देण्यात आले. खानापूर तालुक्यातील कळसा-भांडुरा योजनेसारखी कामे याच खोऱ्यात असल्याने, वनक्षेत्र व ओढ्यांच्या प्रवाहात होणारे बदल हा या परिसरातील संवर्धनाचा कायमचा प्रश्न आहे.

लहान वसाहतीचा अंगभूत धोका: काही डझन प्राण्यांची वसाहत एखादी दरड, एखादी आग किंवा एखादा रोग यामुळे पूर्णतः नाहीशी होऊ शकते. हा धोका मानवी हस्तक्षेप नसतानाही असतो. हस्तक्षेपाने तो वाढतो.

गैरसमज

वटवाघूळ घरात शिरणे अशुभ असते, ते माणसाच्या केसांत अडकते, ते रक्त पिते अशा समजुती महाराष्ट्रात व इतरत्र प्रचलित आहेत. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती असून त्या मध्य व दक्षिण अमेरिका आणि मेक्सिको येथेच आढळतात. घरात शिरणारे लहान वटवाघूळ बहुधा दिव्याभोवती जमलेल्या कीटकांच्या मागे आलेले असते आणि खिडकी उघडी ठेवून दिवा मालवल्यास ते आपोआप बाहेर जाते. रानटी प्राणी म्हणून कोणत्याही वटवाघळास उघड्या हाताने धरू नये. चावल्यास त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा.

गुहांना भेट देताना घ्यावयाची काळजी

बारापेडे गुहा अभयारण्यात असल्याने तेथे जाण्यासाठी वनखात्याची परवानगी आवश्यक असते. वटवाघळांचा निवास असलेल्या कोणत्याही गुहेच्या बाबतीत सर्वसाधारणपणे पुढील नियम पाळले जातात: विश्रांतिस्थळाच्या खाली थांबू नये, छतावर प्रखर प्रकाश टाकू नये, फ्लॅशने छायाचित्रे काढू नयेत, आग पेटवू नये, पिले दिसल्यास तत्काळ बाहेर यावे. वटवाघळे मोजायची असल्यास सायंकाळी गुहेच्या तोंडापासून दूर बसून बाहेर पडणारे प्राणी मोजणे ही सर्वांत कमी त्रासदायक पद्धत मानली जाते.